कापरेकरांची फेरी आणि प्रोग्रामचा पुरावा

नांदेड किंवा लातूरच्या महाविद्यालयात बी.सी.ए.ला, बी.एस्सी. संगणकशास्त्राला किंवा अभियांत्रिकीच्या संगणक शाखेला असलेला विद्यार्थी पदवी हातात पडेपर्यंत चार-पाच प्रोग्रामिंग भाषा पार करतो. आधी सी, मग सी प्लस प्लस किंवा जावा, डेटाबेसच्या पेपरला एसक्यूएल, हल्ली पायथन. प्रत्येक भाषेचा पेपर वेगळा, जर्नल वेगळे आणि सुरुवात पुन्हा श्रीगणेशापासून: व्हेरिएबल म्हणजे काय, इफ कसा लिहायचा, लूपचे प्रकार किती. याच विद्यार्थ्याने मधल्या एखाद्या सेमिस्टरला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचाही पेपर दिलेला असतो. संच, संबंध, फंक्शन, तर्कशास्त्र, लॅटिस हे सगळे त्यात येऊन गेलेले असते. पण तो पेपर गणिताचा म्हणून सुटतो, भाषांचे पेपर संगणकाचे म्हणून सुटतात आणि दोन्हींची गाठ पडत नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या विष्णुपुरीच्या परिसरात संगणकशास्त्राचे आणि गणिताचे अशी दोन स्वतंत्र संकुले आहेत. कारभारासाठी ही विभागणी ठीकच आहे. विद्यार्थ्याच्या डोक्यात तीच विभागणी झाली की नुकसान सुरू होते. या प्रकरणाचे म्हणणे असे, की प्रोग्रामिंग भाषा ही मुळात गणिती वस्तू आहे. प्रोग्राम चालला म्हणजे तो बरोबर आहे असे होत नाही. आणि तो बरोबर का आहे हे सांगता येणे हीच या शिक्षणातली सर्वांत टिकाऊ कमाई आहे. पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांपासून दूर शिकणाऱ्या मुलामुलींना तर ही कमाई सर्वांत स्वस्तात मिळण्यासारखी आहे.

यातली पहिली गोष्ट इतिहासच सिद्ध करतो, कारण प्रोग्रामिंगचे गणित संगणकाच्या आधी जन्मले. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९२८ मध्ये असा प्रश्न मांडला होता, की कोणतेही गणिती विधान दिले तर ते सिद्ध होऊ शकते की नाही हे ठरवणारी एखादी ठरावीक, यांत्रिक पद्धत असू शकेल का? उत्तर द्यायचे तर आधी ‘यांत्रिक पद्धत’ म्हणजे नेमके काय हे सांगणे भाग होते. १९३६ मध्ये दोघांनी ते वेगवेगळ्या वाटांनी सांगितले. अमेरिकेत प्रिन्स्टनला अलोन्झो चर्च यांनी ते आपल्या लॅम्डा कॅल्क्युलसमधून सांगितले. त्यात फक्त तीन गोष्टी आहेत: नाव, फंक्शन बनवणे आणि फंक्शन लावणे. ना मेमरी, ना लूप, ना बेरीज-वजाबाकी. हे सगळे त्या तिन्हींतूनच उभे करायचे. केंब्रिजला चोवीस वर्षांच्या ॲलन ट्युरिंग यांनी एक कल्पित यंत्र मांडले. लांबच लांब पट्टी, तिच्यावर एकेका चौकोनात वाचणारे-लिहिणारे डोके आणि ‘या स्थितीत असताना हे दिसले तर हे लिही, तिकडे सरक’ असे नियम. दोघांचेही उत्तर ‘नाही, अशी पद्धत नाही’ असे आले, आणि दोन्ही मांडण्यांची ताकद अगदी सारखी आहे हेही ट्युरिंग यांनी दाखवून दिले. चर्च यांच्या वाटेवर पुढे १९५८ मध्ये लिस्प आली, मग एमएल, हॅस्केल. ट्युरिंग यांच्या वाटेवर, म्हणजे स्थिती बदलत पुढे सरकण्याच्या वाटेवर, फोरट्रान, पास्कल आणि १९७२ च्या सुमारास सी. आज ‘पॅराडाइम’ म्हणून परीक्षेत ज्यांच्यातले फरक विचारतात त्या दोन मोठ्या पद्धती म्हणजे एकाच प्रश्नाची एकाच वर्षी दिलेली दोन उत्तरे आहेत. तेव्हा एकही इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हता.

हे सगळे दूरचे वाटू नये म्हणून उदाहरण घरचेच घेऊ. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षक झाले आणि निवृत्तीपर्यंत शिक्षकच राहिले. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण सांगितला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा कुठे जगाचे लक्ष तिकडे गेले. कृती पाचवीच्या मुलालाही करता येईल अशी आहे. चार अंकी संख्या घ्या, पण चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणि ६१७४ वर हीच कृती केली तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. फार तर सात फेऱ्यांत तिथे पोहोचायचेच.

आता याचा प्रोग्राम लिहू. सी शिकलेला विद्यार्थी जवळजवळ हमखास असे लिहील: ‘एन’ ६१७४ होत नाही तोवर अंक सुटे कर, लावून घे, वजाबाकी करून ती पुन्हा ‘एन’मध्ये ठेव. ३५२४ देऊन पाहिले, उत्तर आले, जर्नलमध्ये आउटपुट चिकटवले. त्यानंतर कोणी ११११ दिले. ११११ वजा ११११ शून्य, शून्यातून शून्य वजा शून्यच, आणि लूप कायमचा फिरत राहतो. प्रोग्राममध्ये एकही स्पेलिंग चुकलेले नाही, कंपायलरची काही तक्रार नाही. चूक अशी, की हे फंक्शन प्रत्येक चार अंकी संख्येसाठी उत्तर देते असे आपण धरून चाललो होतो, आणि ते खरे नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी ऑक्सफर्डमध्ये डेना स्कॉट आणि ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी प्रोग्रामचा अर्थ गणितात सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न हाच होता. न संपणाऱ्या प्रोग्रामचा अर्थ काय धरायचा? त्यांनी ‘उत्तर नाही’ यालाच एक रीतसर मूल्य मानले, सर्व मूल्यांच्या तळाशी बसणारे, आणि लूपचा अर्थ म्हणजे एका समीकरणाचा सर्वांत लहान स्थिर बिंदू असे सांगितले. ६१७४ हाही स्थिर बिंदूच आहे: कृती लावली तरी जिथल्या तिथे राहणारा. संख्येच्या पातळीवर कापरेकरांनी जे पाहिले, त्याच कल्पनेवर फंक्शनांच्या पातळीवर रिकर्शनचा सगळा सिद्धांत उभा आहे.

दुसरी चूक अधिक बारीक आहे. १००० घ्या. १००० वजा ०००१ बरोबर ९९९. प्रोग्राम ‘एन’चे अंक दहाने भाग देत सुटे करतो आणि ‘एन’ शून्य झाले की थांबतो, म्हणून त्याला ९९९ मध्ये तीनच अंक सापडतात. ९९९ वजा ९९९ शून्य, आणि पुन्हा न संपणारा लूप. हाताने करणारा माणूस ०९९९ लिहितो आणि सहज पुढे जातो: ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. माणूस बरोबर आणि यंत्र चूक, असे का झाले? कारण कापरेकरांची कृती संख्येवर चालतच नाही. ती चार अंकांच्या माळेवर चालते. संख्या म्हणून ९९९ आणि ०९९९ यांत फरक नाही. माळ म्हणून आहे. आपण टाइप चुकीचा निवडला. विद्यार्थ्याला टाइप म्हणजे ‘इंट दोन बाइट, फ्लोट चार बाइट’ असा तक्ता वाटतो. टाइपचे खरे काम वेगळे आहे: या फंक्शनला काय देता येईल आणि ते काय परत देईल याचे ते विधान असते. एडिनबरोच्या रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये हे सिद्ध करून दाखवले, की त्यांच्या पद्धतीच्या टाइपच्या नियमांत बसलेला प्रोग्राम एका विशिष्ट तऱ्हेची चूक करूच शकत नाही. हॅस्केल करी आणि विल्यम हॉवर्ड यांच्या कामातून तर असे दिसून आले, की टाइप आणि तर्कशास्त्रातले विधान, प्रोग्राम आणि त्या विधानाचा पुरावा, या जोड्या एकाच साच्याच्या आहेत. आपण ‘चार अंकांची माळ, पैकी किमान दोन अंक वेगळे’ असा टाइप नीट लिहू शकलो असतो, तर वरच्या दोन्ही चुका चालवण्याआधीच पकडल्या गेल्या असत्या.

आता चर्च यांच्या वाटेने त्याच कृतीकडे पाहू. इथे ‘एन’ बदलत नाही, कारण बदलणारे असे काही नसतेच. एक फंक्शन आहे. ते माळ घेते आणि माळ देते. फंक्शनची व्याख्या जिथे दिसेल तिथे तिच्या जागी उजवी बाजू ठेवता येते, शाळेतल्या बीजगणितात करतो तसे. ही साधी सोय काय देऊन जाते ते पाहा. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड आहेत असे धरू. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड. लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की उरते ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे उत्तर चार अंकांवर अवलंबूनच नाही. ते फक्त दोन फरकांवर अवलंबून आहे. अ − ड हा फरक १ ते ९ यांपैकी काहीही असेल आणि ब − क हा शून्यापासून फार तर तितकाच. अशा जोड्या मोजल्या तर २ + ३ + … + १० बरोबर ५४. चार अंकी ९,००० संख्यांमधून सारख्या अंकांच्या नऊ वगळल्या तर ८,९९१ उरतात, आणि त्या सगळ्या एका फेरीत ५४ जागी येऊन पडतात. कापरेकरांचे विधान तपासायला मग संगणकही लागत नाही. एक दुपार आणि वहीची दोन पाने पुरतात. प्रोग्रामकडे ‘आधी हे कर, मग ते कर’ असे पाहत राहिलो असतो तर हे दिसले नसते. ते एक फंक्शन आहे असे मानल्याबरोबर दिसले. फंक्शनल पॅराडाइमचा फायदा काय या प्रश्नाला पुस्तकी उत्तरे बरीच आहेत, पण मला हे सर्वांत पटणारे वाटते.

याचा अर्थ लूप टाकाऊ ठरतो असा नाही. लूपचे स्वतःचे गणित आहे. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये आणि टोनी होअर यांनी १९६९ मध्ये ते मांडले. लूपच्या प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला खरी असणारी, फेरी संपल्यावरही खरी राहणारी अट शोधायची. तिला इन्व्हेरियंट म्हणतात. कापरेकरांच्या लूपमध्ये आपल्याला भीती कशाची आहे? वाटेत कुठे चारही अंक सारखे होऊन शून्यात अडकण्याची. तर इन्व्हेरियंट असा घेऊ: ‘चारही अंक सारखे नाहीत.’ फेरीच्या सुरुवातीला हे खरे असेल तर अ − ड किमान १ आहे, म्हणून वजाबाकी किमान ९९९, म्हणजे ती शून्य नाही. ती नेहमी ९ ने भागली जाते, कारण ९९९ आणि ९० दोन्ही भागले जातात. ११११, २२२२ यांसारख्या संख्यांपैकी ९ ने भागली जाणारी फक्त ९९९९. आणि आपली वजाबाकी जास्तीत जास्त ८९९१ + ८१० बरोबर ९८०१. म्हणजे ९९९९ पर्यंत ती पोहोचतच नाही. पुरावा संपला. यात जे वापरले ते ‘जर–तर’, ‘प्रत्येक’ आणि भागाकाराची कसोटी एवढेच. महाराष्ट्र मंडळाच्या बारावी विज्ञानाच्या गणिताचे पहिलेच प्रकरण तर्कशास्त्राचे आहे: विधाने, सत्यता सारणी, ‘सर्वांसाठी’ आणि ‘असा एक तरी’. लातूर-नांदेडची मुले ते घोटून घोटून पक्के करतात. सहा महिन्यांनी हातात सी येते आणि त्या प्रकरणाचे नावही कोणी काढत नाही. होअर यांच्या पद्धतीला लागणारे जवळजवळ सगळे साहित्य तोवर विद्यार्थ्याच्या डोक्यात आलेले असते.

यावर पहिला आक्षेप अगदी व्यवहारी आहे. पुरावे कशाला? ८,९९१ संख्या आहेत, सगळ्या चालवून पाहा, निमिषार्धात होईल. या उदाहरणापुरता आक्षेप बरोबर आहे, आणि जिथे सगळे चालवून पाहता येते तिथे ते करावेच. पण ६४ बिटांचा एक पूर्णांक घेणारे फंक्शन असेल तर शक्यता दोनाचा ६४ वा घात, म्हणजे सुमारे १८ वर १८ शून्ये. सेकंदाला शंभर कोटी तपासल्या तरी ५८० हून अधिक वर्षे लागतील. आणि व्यवहारातले प्रोग्राम एकच पूर्णांक घेत नाहीत. चाचणीने चूक असल्याचे कळते, चूक नसल्याचे कधीच कळत नाही, हे एड्सखर डाइकस्ट्रा यांनी वारंवार बजावले ते यासाठी. शिवाय चाचणी कशाची चालली आहे हेही पाहावे लागते. हीच कृती पाच अंकांसाठी करा आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षे सांभाळलेल्या टर्बो सीमध्ये चालवा. तिथे ‘इंट’ १६ बिटांचा, ३२,७६७ च्या पुढे जात नाही. ५४३२१ आत गेले की ते −११२१५ होऊन बसते, आणि पडद्यावर उत्तर म्हणून काहीबाही येत राहते. इन्टिजरचा आवाका बदलून प्रोग्राम दुरुस्त केला तरी तो थांबत नाही, कारण पाच अंकांना ६१७४ सारखी एकच अंतिम संख्या नाही. ५३९५५ वरून ५९९९४ आणि ५९९९४ वरून पुन्हा ५३९५५, असे फेरे पडतात. पहिला दोष यंत्रातल्या संख्यांचा, दुसरा गणितातलाच. दिसायला दोन्ही सारखेच, ‘प्रोग्राम हँग झाला’. चालवून पाहणारा विद्यार्थी यांतला फरक सांगू शकत नाही. ज्याला गणिताचा पूर्णांक आणि यंत्राचा पूर्णांक वेगळे आहेत हे ठाऊक आहे तो सांगू शकतो.

दुसरा आक्षेप गणिताच्या बाजूनेच येतो आणि तो जास्त वजनदार आहे. प्रोग्राम थांबेल की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, हे ट्युरिंग यांनीच सिद्ध केले; मग पुराव्यांच्या मागे लागण्यात अर्थ काय? पण त्या सिद्धांताचे म्हणणे एवढेच आहे, की सगळ्या प्रोग्रामांना पुरणारी एक पद्धत नाही. एखाद्या विशिष्ट प्रोग्रामचा पुरावा देता येणार नाही असे तो म्हणत नाही. वर आपण एक दिलाच. अवघड प्रोग्राम असतात हे खरे. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, आणि एक येईपर्यंत करत राहा. लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा चार ओळींचा लूप प्रत्येक धन पूर्णांकासाठी थांबतो का, हे आजही कोणी सिद्ध करू शकलेले नाही. दिसायला तो कापरेकरांच्या लूपहून सोपा आहे. दोन लूपमधला हा फरक भाषेच्या व्याकरणात शोधून सापडणार नाही, म्हणूनच तो वर्गात शिकवायला हवा.

नोकरीचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. मुलाखतीत जावा विचारतात, लॅम्डा कॅल्क्युलस कोण विचारतो? पण जावाच पाहा. २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा आले. २००४ च्या आवृत्तीत आलेल्या जेनेरिक्समागे फिलिप वाडलर आणि मार्टिन ओडर्स्की यांच्यासारख्या टाइप सिद्धांतातल्या संशोधकांचे काम आहे. प्लेसमेंटच्या तयारीत लॅम्डा ‘नवे फीचर’ म्हणून पाठ करतात, ते चर्च यांच्या १९३६ च्या पानांवरचे आहे. ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ ही विद्यार्थ्यांची रोजची डोकेदुखी; नल संदर्भ १९६५ मध्ये भाषेत आणला तो होअर यांनीच, आणि २००९ मध्ये त्यांनी जाहीरपणे त्याला आपली महागात पडलेली चूक म्हटले. कोटलिन भाषेने ‘नल असू शकतो’ आणि ‘नल असूच शकत नाही’ असे दोन वेगळे टाइप करून ती बऱ्याच अंशी निस्तरली. एसक्यूएलच्या मुळाशी एडगर कॉड यांचा १९७० चा संबंधांचा सिद्धांत आहे; ज्याला संच आणि संबंध कळले त्याला जॉइनचे प्रकार पाठ करावे लागत नाहीत. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीची गोष्ट जरा वेगळी. ती नॉर्वेत सिम्युला भाषेतून, प्रत्यक्ष कामाच्या गरजेतून आली आणि तिचे गणित मागाहून जुळवावे लागले. त्याच्या खुणा राहिल्या आहेत. जावात ऑब्जेक्टच्या ॲरेच्या जागी स्ट्रिंगचा ॲरे चालतो, कंपायलर काही बोलत नाही, आणि त्यात पूर्णांक टाकायला गेले की प्रोग्राम चालता चालता कोसळतो. भाषा बनवणाऱ्यांकडूनही गणिताशी तडजोड झाली तर तिची किंमत पुढे प्रत्येक प्रोग्रामर मोजतो. आणि पुराव्याचे काम करणाऱ्या नोकऱ्या परदेशातच असतात असेही नाही. १९८१ मध्ये, नांदेडला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था सुरू झाली त्याच वर्षी, पुण्यात टाटा संशोधन विकास आणि आराखडा केंद्र उभे राहिले. तिथे घडलेले ‘व्हेरिॲब्स’ हे सी प्रोग्राम तपासणारे साधन सॉफ्टवेअर पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिले आलेले आहे. लूप आणि इन्व्हेरियंट हाच त्याचा कच्चा माल.

लातूरच्या संदर्भात आणखी एक आक्षेप घेतात: इथल्या मुलांना सरावाची आणि पाठांतराची सवय, त्यांना हे अमूर्त झेपणार नाही. मला हा आक्षेप अन्यायाचा वाटतो. परीक्षांच्या तयारीच्या लातूर पॅटर्नच्या उभारणीशी ज्यांचे नाव जोडले जाते ते राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या पॅटर्नचे बळ पाठांतरात कधी नव्हते. सोडवलेला पेपर तपासून परत मिळणे, चूक कुठे झाली ते कळणे आणि पुन्हा सोडवणे यात होते. पुरावे लिहायला शिकण्याची याहून चांगली रीत कुठेही नाही. अडचण आहे ती बहुपर्यायी प्रश्नांची. चारांतून एक निवडायला शिकलेल्या हाताला ‘का’ लिहायची सवय राहत नाही. ती सवय प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्येच लावता येईल: आउटपुटच्या खाली आणखी दोन ओळी, हा लूप का थांबतो आणि थांबल्यावर काय खरे असते. त्याला नवा संगणक लागत नाही, परवाना लागत नाही, वीज गेली तरी अडत नाही. कोड आता कृत्रिम बुद्धिमत्ताच लिहून देते, मग याची गरज काय, असे विचारणाऱ्यालाही माझे उत्तर या दोन ओळींचेच आहे. यंत्राने लिहून दिलेल्या लूपखाली त्या ओळी कोणीतरी लिहायच्या आहेत, आणि यंत्रानेच लिहिल्या तर त्या खऱ्या आहेत का ते कोणीतरी वाचून ठरवायचे आहे.

राहता राहिला लॅटिस. गेट परीक्षेच्या तयारीत आंशिक क्रम आणि लॅटिस यांवरची उदाहरणे सगळेच सोडवतात. ती कशासाठी आहेत हे सहसा कोणी सांगत नाही. गॅरी किल्डॉल यांनी १९७३ मध्ये दाखवले, की कंपायलर प्रोग्राम न चालवताच त्याच्याविषयी जे निष्कर्ष काढतो ते लॅटिसवर स्थिर बिंदू शोधून काढता येतात. मुंबईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे यांनी आणि पुढे उदय खेडकर, अमिताभ सन्याल यांनी याच विषयात मोलाचे काम केले आहे. जावा शिकणाऱ्या प्रत्येकाने त्याचे एक फळ पाहिलेले असते. व्हेरिएबलला इफच्या एका फांदीत किंमत दिली, दुसऱ्या फांदीत द्यायची राहिली, आणि पुढे ते छापायला गेलो की कंपायलर ‘या व्हेरिएबलला कदाचित किंमत मिळालेली नाही’ अशी तक्रार करतो. त्याने प्रोग्राम चालवलेला नसतो. प्रत्येक फांदीच्या शेवटी ‘नक्की किंमत मिळालेली व्हेरिएबल्स’ असा एक संच त्याने धरलेला असतो, आणि फांद्या जिथे एकत्र येतात तिथे दोन संचांचा छेद घेतलेला असतो. छेदात जे उरले तेवढेच खात्रीचे. तुमचे व्हेरिएबल त्यात नाही, म्हणून तक्रार. संचांचा उपसंचांनुसार लावलेला क्रम आणि दोघांचा छेद, म्हणजे डिस्क्रीटच्या पुस्तकात लॅटिसच्या व्याख्येखाली दिलेले पहिलेच उदाहरण. त्या पानावर शिक्षकाने हा जावाचा सहा ओळींचा प्रोग्राम फळ्यावर लिहिला, तर व्याख्या आणि तक्रार विद्यार्थ्याला एकाच तासाला शेजारी शेजारी दिसतील.